ऊन सोसणारी बुरशी

आमच्या घरात बुरशीला फ्रिज आहे आणि दुधाला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला नवल वाटायला नको. दूध मी दोनदा तापवते आणि जाळीखाली ठेवते. फ्रिजमध्ये मात्र काचेच्या नळ्या, कापसाचे बोळे नि नावं लिहिलेल्या पट्ट्या. एकदा माझ्या मावशीनं पाण्याची बाटली ठेवायला म्हणून दार उघडलं, नि आत बघून तसंच हळूच लावून घेतलं. पुढं दिवसभर तिनं आमच्या घरात पाण्याचा घोट घेतला नाही.

मी शीला. राहायला शहरात, गारखेड्यात. आमचे हे, म्हणजे बद्रीनाथ, किडी मारणारी बुरशी बनवतात. म्हणजे बुरशी देवाचीच, हे तिला फक्त वाढवतात. तांदळाची कणी अर्धीकच्ची शिजवायची, पिशवीत भरायची, कुकरात वाफवायची, गार झाली की तिच्यात मूळ बुरशी सोडायची. दह्याला विरजण लावतात तसंच. थोड्या दिवसांत कणी हिरवीगार होते. ती भुकटी पाण्यात कालवून पिकावर फवारली की बुरशीचं बीज अळीच्या अंगाला चिकटतं, कातडीतून आत शिरतं नि अळीला आतून खाऊन टाकतं. अळी ताठ होते, आधी पांढरी पडते, मग हिरवी. माणसाला काही नाही, गुरांना काही नाही. हे सगळं मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात इतक्यांदा ऐकवलं गेलं की झोपेतून उठवून विचारलं तरी मी घडाघडा सांगेन.

ह्यांना मेलेला किडा दिसला की पाय पुढं टाकवत नाही. त्यासाठी शर्टाच्या खिशात रिकामी काड्यापेटी असते. बिडी-सिगारेट कधी ओढली नाही, पण काड्यापेटीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी ठेवायला वाकले नि पेटी खाली पडली. माझ्या वडिलांचं तोंड लगेच पडलं, पोरगं बिडी ओढतंय म्हणून. तेवढ्यात पेटी उघडली नि आतून एक भुंगेरा बाहेर आला, मेलेला, अंगावर पांढरी लव. सगळे मागं सरकले. माझा धाकटा भाऊ हनुमान मात्र पोट धरून हसला. त्यानं तो भुंगेरा उचलला, पेटीत घातला नि ह्यांच्या हातात देत म्हणाला, "दाजी, ह्याला बी जेवायला वाढायचं का?" अजून माझा होकार झाला नव्हता, तोवर ह्यानं दाजी करून सुद्धा टाकलं. माझ्याआधी त्या दोघांचं जमलं. मी म्हणलं, पदरी पडलं पवित्र झालं.

तेव्हा हे चिकलठाण्याला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, बुरशीच्याच विभागात होते. पुढं कंपनीनं तो विभागच बंद केला. बाकीचे दुसरीकडं लागले. हे म्हणाले, मी बुरशीचं करतो. मी म्हणलं, करा. माझ्या 'करा'त काय होतं ते दुसऱ्या कुणालाही कळलं असतं, ह्यांना कळलं नाही. चिकलठाण्यातच एका पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. विरजण, म्हणजे मूळ बुरशी, दक्षिणेतल्या कुठल्याशा धुक्याच्या डोंगरातून आणली होती. चांगली होती बिचारी. मक्यावरच्या लष्करी अळीला पटकन धरायची, वाढायचीही भराभर.

पण ती थंड मुलखातली. तिला आपलं ऊन सोसायचं नाही. उन्हात अतिनील किरण असतात, डोळ्याला दिसत नाहीत. आपण रापतो ते त्यांच्यामुळंच. माणूस नुसतं रापतं, बुरशीचं बीज मात्र मरतं. सकाळी फवारलं तर दुपारपर्यंत पानावरचं निम्म्याहून जास्त बीज खलास, अळीपर्यंत पोचायच्या आधीच. आभाळ आलं तरी पुरतं वाचत नाही. म्हणून ह्यांच्या प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं, दिवस मावळताना फवारा. रात्रभर बुरशीला निवांत वेळ मिळतो, पहाटेचं दव मिळतं, सकाळपर्यंत ती अळीच्या अंगात शिरलेली असते.

छापायला काय जातंय! गावाकडं दिवस मावळताना काय असतं ते गारखेड्यात बसून समजत नाही. धारा काढायच्या असतात. रोजानं येणाऱ्या बाया कधीच्या घरी गेलेल्या असतात. बिबट्या फिरतोय म्हणून अर्धं गाव वावरात थांबत नाही. नि कमरेच्या वर गेलेल्या मक्यात अंधारात पायाखाली काय आहे ते कळत नाही. मी ह्यांना म्हणायचे, "अहो, उंटावरून शेळ्या हाकू नका." हे म्हणायचे, "मी काय करू? बुरशीच तशी आहे."

मग शेतकरी आपल्या सोयीनं सकाळी फवारायचे, अळ्या मजेत पानं खायच्या, नि फोन यायचा.

"कधी फवारलं दादा?"

"सकाळी, न्याहारी करून."

"मग ती उन्हानं मेली."

"राव, तुमची बुरशी नव्या नवरीपेक्षा नाजूक हाय की!"

हे एवढंसं हसायचे नि पुन्हा तेच सांगायचे, दिवस मावळताना फवारा. ऐकणारा एकच निघाला. माझा भाऊ. वैजापूरपासून आत आमचं गाव, तिथं त्याचा मका. दाजींनी सांगितलं ना, मग झालं, ह्या एका वाक्यावर तो चालायचा.

त्या साली श्रावणात पावसानं ओढ दिली. ऊन असं पडलं होतं की वैशाख परवडला. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, अळी शिरली होती. हनुमान दिवस बुडता बुडता पंप पाठीवर घेऊन वावरात उतरला, नि मक्याच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीतच त्याच्या पायाखाली घोणस आली. घोट्याच्या वर डसली. भावजय सत्यभामा धार काढत होती. ओरडणं ऐकून ती तशीच पळाली. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून आधी वैजापूर, मग इथं घाटीच्या सरकारी दवाखान्यात. वाचला. डॉक्टरांनी वाचवला. पण पोटरीचं मांस सडलं, ते कापावं लागलं.

आम्ही सकाळी वॉर्डाबाहेर उभे होतो. सत्यभामा बाकड्यावर बसलेली, पदराला अजून शेणाचे डाग. हे तिच्यापुढं जाऊन उभे राहिले.  तीच बोलली, आवाज न चढवता.

"दाजी, तुमची बुरशी जगवायला मी माझा नवरा अंधारात घालू व्हय?"

 माणूस जागच्या जागी मेल्यासारखं झालं. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू, नि त्याच्या दसपट राग आला. घरी येताना स्कूटरवर मागं बसून मी सगळा रस्ता ह्यांना बोलत होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. मी म्हणलं, बघ बाबा, तूही ऐक. शेवटी सांगितलं, "उन्हात जगणारी बुरशी आणा, नाहीतर शेडला कुलूप लावा. दिवसा मरणारी बुरशी ह्यापुढं विकायची नाही."  दुसऱ्या दिवशी ह्यांनी शेडमधला तयार माल विकायचा थांबवला, ते मी बघितलं.

खरी पंचाईत पुढंच होती. हनुमानला घरी सोडायला आम्हीच गेलो. पाय बांधलेला, रंग उतरलेला, तरी बाजेवर टेकला नि म्हणतो काय, "दाजी, मनाला लावून घिऊ नका. पुढल्या साली बी मी तुमचीच बुरशी फवारणार, नि दिवस बुडतानाच फवारणार. साप काय दर साली चावतो व्हय?"

सत्यभामा पाण्याचा तांब्या खाली ठेवून आत निघून गेली. तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, हा गडी बोलल्याप्रमाणं करणार. दाजी नको म्हणाले असते तरी केलं असतं, उलट दुप्पट हट्टानं, दाजींची अब्रू राखायला. औषधाचं विष तो वावरात घालायचा नाही, कारण मका त्याच्या म्हशी खातात. म्हणजे पुढच्या श्रावणाच्या आत ह्यांना ऊन सोसणारी बुरशी मिळाली तर ठीक, नाहीतर माझा भाऊ लंगड्या पायानं पुन्हा त्याच अंधारात उतरणार होता.

सत्यभामा त्या दिवसापासून ह्यांच्याशी बोलायची बंद झाली. मान ठेवायची, पण सगळं माझ्यामार्फत. "वन्सं, दाजींना सांगा, चहा झालाय." दाजी हातभर अंतरावर. त्या घरात ह्यांना बसवेना. चहा तसाच ठेवून उठले नि मागच्या माळावर फिरायला गेले, भर दुपारी. आले ते खिशातली काड्यापेटी चाचपत. मी ओळखलं. माणूस मरता मरता वाचलाय नि हे किडे वेचतायत! मी अशी संतापले की परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाही. माझ्यासारखीनं गप्प बसायचं म्हणजे किती राग असेल बघा.

मग शोध सुरू झाला. बुरशी म्हणलं की ओल, सावली, गारवा. लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळं हे ओलीच्या मागं लागले. म्हैसमाळला धुक्यात जाऊन पालापाचोळा उकरला. वेरूळकडच्या घळी पालथ्या घातल्या. विहिरींच्या कडा, पाटाच्या बाजू, उसाचे फड. घरात काड्यापेट्यांची रांग लागली. प्रत्येक मेलेल्या किड्यावरची बुरशी वेगळी काढायची, वाढवायची, नि मग गच्चीवर नेऊन तिची परीक्षा.

परीक्षा साधी होती. काचेच्या पट्टीवर बीज पातळ पसरायचं, उन्हात ठेवायचं, कुणाला थोडा वेळ, कुणाला जास्त. मग बटाट्याच्या पाण्याची जेली करून तिच्यावर टाकायचं नि उगवतंय का ते भिंगाखाली बघायचं. थंडीभर आमच्या घरात बटाट्याची भाजी झाली नाही. एकजात सगळ्या बुरशा मेल्या. विहिरीतली तर अशी की पट्टी गच्चीवर ठेवली नि उचलली, एवढ्यात आटोपली. हे रोज संध्याकाळी भिंगातून डोकं वर काढायचे नि मान हलवायचे. मी विचारायचं सोडून दिलं.

उन्हाळा आला. आता ह्यांनी ठरवलं की ज्या जमल्यात त्यांतल्या प्रत्येकीची एकेक पिशवी कणीवर वाढवायची, भरपूर बीज घेऊन पुन्हा परीक्षा घ्यायची, निदान जरा जास्त टिकणारी तरी हाती लागेल. माळावरून आणलेली ती काड्यापेटी फळीवर तशीच पडली होती, तिचीही एक पिशवी केली. उन्हातली तिची परीक्षा घेतलीच नव्हती. कोरड्या ठणठणीत माळावरच्या बुरशीकडून काय अपेक्षा करायची? सगळ्या पिशव्या मागच्या खोलीत मांडल्या. प्रत्येकीतलं थोडं नळीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं होतं, म्हणजे मूळ विरजण जपलं असतं. ते काम उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलं.

आता माझ्या सासूबाई. आवडाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचा जन्म गंगापूरकडच्या खेड्यातला, नि जगात एका गोष्टीवर त्यांची श्रद्धा आहे, ती म्हणजे ऊन. गहू असो, तूर असो, लोणच्याची बरणी असो, गोधडी असो, वर्षातून एकदा त्याला ऊन दाखवलंच पाहिजे. ऊन दाखवलं की कीड लागत नाही, बुरशी धरत नाही. वैशाख लागला की आमची गच्ची त्यांची. कुरडया, पापड, सांडगे, डाळी. आम्हाला वर पाय ठेवायचा तर विचारून.

त्या दिवशी आम्ही दोघं लग्नाला गेलो होतो. दुपार कलल्यावर परत आलो. जिन्यात पाय ठेवला तर वरून शिंका ऐकू येतायत, एकामागून एक. गच्चीवर गेलो. आत्याबाईंनी आख्ख्या गच्चीभर जुनी लुगडी अंथरली होती नि त्यांच्यावर हिरवी कणी पसरली होती, गहू पसरतात तशी, पातळ. सगळ्या पिशव्यांतली, एकत्र. त्यांचे हात कोपरापर्यंत हिरवे, नाक हिरवं, कपाळावर घामाच्या हिरव्या रेघा. आणि रिकाम्या पिशव्या धुऊन, नावाच्या पट्ट्या खरवडून, दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेल्या.

"आलास बद्री?" त्या कौतुकानं म्हणाल्या. "आरं, समद्या पिशव्यांना आतून घाम फुटला व्हता. ओल धरून तुझा माल नासला आसता. सकाळपासून ऊन दाखवतेय. दोनदा फिरवलं बी."

 ह्यांचा असा आवाज मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता.

"माय! बुरशीला ऊन दाखवलं तू? बुरशीला?"

"मग? खराब व्हऊ द्यायची?"

"अगं, ऊनच मारतं तिला! सगळं मारलंस तू, वर्षाचं सगळं!"

शेजारच्या गच्चीवरच्या बाया पापड लाटायच्या थांबल्या. आत्याबाईंचे हात तसेच हवेत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, ते हिरव्या गालावरून ओघळलं. हुंदका आवरत त्या म्हणाल्या, "जलमभर बुरशी लागू नये म्हणून ऊन दाखवत आले. माझ्याच लेकाची बुरशी जगवायची हाय, तर ऊन दाखवायचं नसतं, हे मला सांगितलं कुणी?"

हे पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसले. मला रडावं का हसावं कळेना. पण राग कुणाचा आला म्हणाल तर ह्यांचा. मी स्पष्ट म्हणलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. नळ्या भरायचं काम आठवडाभर कुणी लांबवलं?" आत्याबाईंना खाली नेलं, तेल लावून हात धुऊन दिले. रात्री त्या जेवल्या नाहीत, हेही जेवले नाहीत, नि त्या दोघांसाठी केलेल्या भाकरी मी सकाळी तिखट-मीठ घालून कुस्करल्या.

दुसऱ्या दिवशी हे कणी गोळा करायला वर गेले. फेकायचीच होती. फेकता फेकता चिमूटभर जेलीवर टाकली. का टाकली, ते त्यांनाही सांगता आलं नाही. सवयच तशी. दोन-तीन दिवसांनी भिंगाखाली बघितलं, नि मला हाक मारली. अशी हाक की मी पोळपाट तसाच टाकून पळाले.

उगवलं होतं. सगळं नाही, तुरळक, पण उगवलं होतं. आणि जे उगवलं ते सगळं एकाच रंगाचं, काळपट हिरवं, वाळलेल्या कढीपत्त्यासारखं. बाकीच्या पोपटी, पिवळट कुणाचा पत्ता नाही.

मी म्हणलं, "सापडली!"

"थांब," हे म्हणाले. "थराखाली सावलीत दबून वाचली असेल." असा हा माणूस. देवानं छप्पर फाडून दिलं तरी आधी छपराची फट तपासणार. पुन्हा काचेच्या पट्ट्या, पुन्हा पातळ थर, आता फक्त काळपट बुरशी नि शेजारी ती धुक्याच्या डोंगरातली. चांगलं दोन तासांचं ऊन दिलं. डोंगरातली पार मेली. काळपटातली जवळपास निम्मी उगवली.

आता ही कुठली? नावाच्या पट्ट्या तर आत्याबाईंनी खरवडलेल्या. हे डोकं धरून बसले. गोळा केलेल्यांत काळपट रंगाची एकच होती. हनुमानला घरी सोडला त्या दुपारी, सत्यभामेपुढं बसवेना म्हणून माळावर गेले, तिथं तरवडाच्या झुडपावर चिकटून मेलेली अळी मिळाली होती, तिची. लगेच एसटीनं गावाकडं गेले, माळावर भर उन्हात हिंडले, तशाच आणखी दोन अळ्या घेऊन आले. वाढवल्या. तोच रंग, नि उन्हात तोच टिकाव.

"जी सावलीत जन्मली, तिला ऊन सोसायची कधी गरजच पडली नाही," हे मला सांगत होते. "ही पिढ्यान्‌पिढ्या उघड्या माळावर. जी टिकली तिचीच बीजं पुढं गेली."

"म्हणजे उन्हातल्या सगळ्याच बुरशा अशा?"

"सगळ्याच नाही. पण शोधायला आधी उन्हात जायला पाहिजे होतं. मी वर्षभर ओलीत हिंडलो."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मी म्हणलं. एवढं म्हणायचा हक्क मी बटाट्यावाचून कमावला होता.

मग हे आत्याबाईंपुढं जाऊन उभे राहिले. "माय, उद्या जरा वर येतीस का? ऊन दाखवायचंय." आत्याबाईंनी तोंड फिरवलं. "मी नाय बाई हात लावायची. पुन्यांदा वरडायला." हे तिथंच खाली बसले नि त्यांच्या पायावर हात ठेवला. "चुकलो माय." दुसऱ्या दिवशी नाकाला पदर गुंडाळून, काचेच्या पट्ट्यांजवळ स्टूल टाकून त्या बसल्या नि कावळे हाकलत राहिल्या.

तर ही अशी बुरशी. लई मोठं काही घडलं असं समजू नका. ती हळू वाढते, कणीवर थोडीच धरते, अळी मारायलाही जरा जास्त दिवस घेते. भर दुपारचं ऊन तिलाही नाही सोसत. हे म्हणाले, "उतरतीचं ऊन झेलेल. चारला फवारलं तर अंधार पडेपर्यंत पुरेशी शिल्लक राहील." एवढीच कमाई. दिवस मावळताना नाही, चार वाजता.

श्रावण आला, मक्यात अळी आली. हनुमानचा पाय बरा झाला होता, पण चाल तिरपीच. तो पंप काढायला लागला तसे हे म्हणाले, "आधी मी. थोड्याच ओळी. मेल्या तर पुढचं." बांधाच्या एका बाजूला जुनी बुरशी, दुसऱ्या बाजूला माळावरची, दोन्ही एकाच दिवशी, चार वाजता, स्वतःच्या हातानं फवारली. सत्यभामा बांधावर उभी होती. 

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. जुन्या बाजूला अळ्या खाऊन-पिऊन टुणटुणीत. माळावरच्या बाजूला हनुमाननं पोंगा उघडला, आत अळी ताठ, पांढरीफटक. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात जिवंत निघाली. चौथ्यात मेलेली, वर काळपट हिरवी झाक. सगळ्या नाही मेल्या, पण मका वाचेल इतक्या मेल्या. हनुमान ओरडला, "आक्का, बघ गं, दाजींनी माळ जिंकला!" नि हे म्हणाले, "अजून दोन-तीन पोंगे बघू." मी कपाळाला हात लावला.

त्याच दिवशी चारला आख्खं रान फवारायचं ठरलं. भरलेला पंप घेऊन हनुमानला चालवेना, पाय ओढायला लागला. हे पुढं झाले, पण त्याआधी सत्यभामेनं पदर खोचला नि पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. "दिवसा आसंल तर म्या बी फवारीन," असं ती माझ्याकडं बघून म्हणाली. ती पुढं, हनुमान मागं लंगडत पाणी पुरवतोय, हे बुरशी कालवून देतायत. ऊन तिरपं पडलं होतं, पण मक्यात पायाखालची ढेकळं दिसत होती. शेवटची ओळ संपली तेव्हा म्हशी नुकत्या गोठ्यात शिरत होत्या.

हनुमान ओट्यावर पाय पसरून बसला. सत्यभामेनं हात-पाय धुतले, चूल पेटवली, नि पीठ घ्यायला आत जाता जाता ह्यांच्यापुढं थांबली. वर्षभरानं पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडं बघून बोलली.

"दाजी, आळ्या मरतील तवा मरतील. मला त्याचं काय नाय. दिवस हाय तवर माझं मानूस घरी आलं." मग म्हणाली, "हात धुवा. आज जेवूनच जायचं."

ह्यांनी मान खाली घातली नि मोरीकडं गेले. तांब्याभर पाण्यात हात कितीतरी वेळ धूत राहिले. मी दुसरीकडं बघितलं. रडताना कुणी बघितलेलं त्यांना आवडत नाही.